आधी तपासणी, मग रंग

सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामाचा विषय निघाला की हात वर जायला वेळ लागत नाही. कुठली शेड, कुठल्या कंपनीचा रंग, पाच वर्षांची गॅरंटी की सातची, यावर तासभर हिरिरीने चर्चा होते. त्याच सभेत कुणी म्हणालं की रंगाआधी छज्जे, पॅरापेट आणि पाइपांचे डक्ट एकदा इंजिनिअरला दाखवून घेऊ, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून विषय बाजूला पडतो. आपल्या शहरांतल्या घरांचं निम्मं दुखणं या एका सवयीत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. घराची बाहेरची बाजू नुसती शोभेची नसते. पाऊस, ऊन, खारी हवा, धूर यांचा मारा तीच झेलते. इमारत बिघडायला लागते ती बहुधा तिथूनच, आणि बिघाडाची पहिली खूणही तिथेच उमटते. म्हणून निगा राखताना आधी ती बाजू नीट बघायची, तिच्यावर काय लावायचं ते नंतर ठरवायचं.

जुन्या घरांना हे वेळापत्रक पाळावंच लागे. कोकणात नळ्याच्या कौलांचं घर वैशाखात शाकारल्याशिवाय मृगाला तोंड देऊ शकत नसे. माणसं छपरावर चढायची, कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची. कौलं निघाली की वासे आणि रिपा उघड्या पडत. वाळवी लागलेला वासा, वळचणीला कुजलेलं लाकूड, भिंतीच्या माथ्यावर मुरलेली ओल, सगळं त्याच दिवशी नजरेला पडे. शाकारणी ही दुरुस्ती होती तशीच वार्षिक तपासणीही होती, आणि दोन्ही कामं एकाच हाताने होत. पश्चिमेच्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधत, कारण जांभा चिरा पाणी पितो आणि वाऱ्याबरोबर येणारी झड नेमकी त्याच अंगाला बसते.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे खोबणीत बसणारी मंगळुरी कौलं कोकणात आणि गोव्यात सगळीकडे पोचली. ती दरवर्षी परतावी लागत नाहीत ही मोठीच सोय झाली, पण छपरावर चढायचं निमित्तही त्यामुळे कमी झालं. आता तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी घरं वर्षातले दहा-अकरा महिने बंदच असतात. घरची माणसं मुंबई-ठाण्यात, आणि गणपतीला दार उघडतात तेव्हा पावसाने करायचं ते करून झालेलं असतं. माकडांनी फोडलेलं एक कौल ज्येष्ठात बदललं तर तासाभराचं काम. तेच भाद्रपदापर्यंत राहिलं तर वासा, त्याखालची भिंत आणि कधीकधी माळाही जातो.

घाटावर, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे धाब्याची घरं. त्यांच्या माळवदावर पावसाआधी पांढऱ्या मातीचा थर द्यायची रीत होती. माती चिकट, पाणी अडवणारी, आणि बाहेर रणरणतं ऊन असलं तरी घर आत गार ठेवणारी. निगा म्हणावी तर ही चोख निगा. पण वर्षानुवर्षं थर चढत गेले आणि जुनी माती उतरवायची राहून गेली, तेव्हा काही घरांची छपरं दीड-दोन फूट जाड झाली. खाली भिंती दगडाच्या आणि सांध्यात माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यामागे या जड छपरांचा आणि सैल बांधणीच्या भिंतींचा मोठा वाटा होता. तपासणीशिवाय केलेली निगा किती महाग पडते याचं याहून दुःखद उदाहरण मला ठाऊक नाही. खाली भिंत किती पेलू शकते हे न पाहता वर भर घालत जाण्याची ही चूक आजही शहरातल्या गच्च्यांवर होते, त्याकडे पुढे येतो.

सिमेंट-काँक्रीट आलं आणि त्यासोबत एक समजूत आली: आरसीसीचं घर म्हणजे कायमचं घर. शाकारणं नाही, सारवणं नाही, एकदा बांधलं की नातवंडांपर्यंत चिंता नको. ही समजूत खोटी का, ते काँक्रीटच्या आत काय चालतं ते पाहिल्यावर कळतं. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास. या अल्कतेमुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर धरतो आणि तोवर ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड बाहेरून आत शिरत राहतो आणि अल्कता घटवत नेतो. ही घट सळईपर्यंत पोचली की संरक्षण संपतं. मग ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. ती तो आतून काँक्रीट फोडून मिळवतो. आपण ज्याला ‘क्रॅक’ म्हणतो, ती बऱ्याचदा आतल्या गंजाने बाहेर पाठवलेली नोटीस असते.

सळईवर काँक्रीटचं जे आवरण असतं, साइटवर ज्याला ‘कव्हर’ म्हणतात, त्याचं गणित प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावं. अल्कता घटण्याची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १० मिलिमीटर आत जायला जितकी वर्षं लागतात, त्याच्या चौपट वर्षं २० मिलिमीटरला लागतात. उलट बाजूने पाहा: कव्हर निम्मं ठेवलं की संरक्षणाचं आयुष्य चौथ्या हिश्श्यावर येतं. भरणीच्या दिवशी कव्हर ब्लॉक न लावता सळया तशाच फळ्यांवर टेकल्या, तर त्या एका सकाळच्या आळसाची किंमत पंधरा-वीस वर्षांनी राहणारे लोक भरतात.

समुद्रकाठी यात मिठाची भर पडते. क्लोराइडला अल्कता घटायची वाट पाहावी लागत नाही. ते थेट सळईवरचा संरक्षक थर भेदतं. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात एके काळी खाडीची रेती सर्रास वापरली गेली, म्हणजे मीठ बाहेरून यायच्या आधीच आत होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, ते १९८२ मध्ये अंशतः उठलं. टंचाईच्या त्या काळात सिमेंटमध्ये काटकसर झाल्याचं जुने कंत्राटदार आजही सांगतात. त्याच काळात पीळ दिलेलं टॉर स्टील सगळीकडे वापरात होतं आणि ते आजच्या टीएमटीपेक्षा लवकर गंजतं. त्या पिढीच्या इमारती आज चाळिशी ओलांडून उभ्या आहेत. उपनगरांतली कितीतरी मध्यमवर्गीय घरं याच इमारतींत आहेत, म्हणून त्यांची काळजी मला सर्वांत जास्त वाटते.

एक छज्जा जवळून पाहू. भिंतीतून दीड-दोन फूट बाहेर आलेला, खिडकीवर पाऊस येऊ नये म्हणून घातलेला. तो एका बाजूनेच धरलेला असल्यामुळे त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते. भरणी करताना कामगारांचे पाय पडून ती खाली दबली, तर छज्जा पहिल्या दिवसापासूनच अशक्त. त्याच्या वरच्या अंगाला बाहेरच्या दिशेने उतार हवा आणि खालच्या कडेला एक बारीक खाच हवी, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं आणि उलटं वाहत भिंतीपर्यंत जात नाही. दर रंगकामात ती खाच पुट्टी आणि रंगाने थोडी थोडी बुजते. वर कबुतरांची विष्ठा आणि धूळ साचून उतार मरतो. पाणी तुंबतं ते नेमकं सळईच्या डोक्यावर. मग खालच्या मजल्यावरचे एसीचं बाहेरचं यंत्र त्यावर ठेवतात, वरच्या मजल्यावरचे कुंड्या. आधी रंगाला पोपडे येतात, मग कडेने तपकिरी डाग, मग सळईच्या रेषेत सरळ भेग, मग एका पावसात मूठभर तुकडा खाली. यातला प्रत्येक टप्पा खालून, डोळ्यांनी, एक पैसा न खर्चता दिसतो. पहिल्या टप्प्यावर छज्जा झाडून, खाच मोकळी करून, उतार नीट करून भागतं. शेवटच्या टप्प्यावर तो तोडून नवा घालावा लागतो, तोही खालून माणसं जात-येत असताना.

मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींचे ठसठशीत छज्जे आणि गोलाकार बाल्कन्या २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा भाग आहेत. ज्यांनी ते आखले त्यांना पाऊस कळत होता. सपाट, छज्जा नसलेल्या खिडक्यांच्या नव्या इमारतींमध्ये चौकटीच्या कडेचं सीलंट हीच एकमेव आडकाठी असते, आणि सीलंट काही वर्षांत कडक होऊन सुटतं.

आता पाण्याची इतर वाट. नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा करतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण भिंतींची तपासणी नेहमी आधी करावी. सांताक्रूझला सरासरी पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. केसाएवढी भेग असली तरी चार महिने रोज भिजणाऱ्या भिंतीत किती पाणी जाईल याचा अंदाज करता येतो. डक्टमधले जुने बिडाचे पाइप सांध्यात झिरपतात आणि तिथे ऊन कधीच पोचत नसल्यामुळे ओल बारमाही राहते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी पाइपामागच्या फटीत रुजतं. पिंपळ तोडायला कामगार बिचकतात, सभासदही ‘राहू दे’ म्हणतात, आणि तोडलाच तर वरून छाटतात. दोन श्रावण गेले की तो पुन्हा जोमाने येतो, कारण मूळ भिंतीतच असतं. रोप दोन पानांचं असताना हाताने उपटून फट बुजवणं एवढाच खरा उपाय. त्यासाठी दरवर्षी कुणीतरी वर पाहिलं पाहिजे.

गच्चीवर किल्लारीची गोष्ट नव्याने घडते. विटांच्या तुकड्यांचा कोबा हे आपल्याकडचं जुनं, भरवशाचं वॉटरप्रूफिंग. पण ते गळायला लागलं की अनेकदा जुना कोबा न उखडता त्यावरच नवा घालतात, कारण उखडायचा खर्च, राबिट आणि आवाज टळतो. साधारण १२ सेंटिमीटरच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोहून जास्त भरतं. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात माणसांचा आणि सामानाचा म्हणून धरलेला भार चौरस मीटरला १५० किलो आहे. म्हणजे एका जादा थराने स्लॅबवर कायमचा असा बोजा बसतो, जो गर्दीच्या दिवशीही अपेक्षित नव्हता. शिवाय खालचा भिजलेला कोबा दोन थरांमध्ये कोंडून राहतो. अलीकडे गच्चीवर पत्र्याची शेड घालायची लाट आहे. रीतसर परवानगी आणि इंजिनिअरचा हिशेब असेल तर ती वाईट नाही, पण शेड आली म्हणून पॅरापेटची आणि बाहेरच्या भिंतींची तपासणी थांबवणाऱ्या सोसायट्या पाहिल्या की धास्ती वाटते. गळती थांबली, पण भिंत भिजतेच आहे.

तपासायचं कसं, हे अवघड नाही. प्लास्टरवर हलक्या हातोडीने वाजवत जायचं. घट्ट असेल तर टणक आवाज येतो, सुटलेलं असेल तर बद्द. प्रत्येक बद्द जागेवर खडूने खूण करून फोटो काढले की पुढच्या वर्षी तुलना करता येते. भेग आडवी आहे, तिरपी आहे की सळईच्या रेषेत, वाढते आहे का, हे त्या फोटोंवरूनच ठरतं. इंजिनिअर पुढे जाऊन रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स, हाफ-सेल अशा चाचण्या करतो. त्यातली एक तर कुठल्याही शाळकरी मुलाला कळेल अशी आहे: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं. अल्कता शाबूत असेल तिथे गुलाबी रंग येतो, संपली असेल तिथे येत नाही. बिनरंगी पट्टी सळईपर्यंत पोचलेली दिसली की वाद घालायला काही उरत नाही. हे सगळं रंगाआधी व्हायला हवं, कारण जाड टेक्स्चर पेंट भेगांच्या खुणा झाकतो आणि पुढची तीन-चार वर्षं आत काय चाललंय ते कळू देत नाही.

बाहेरून सगळं दिसतं असंही नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई दर्शन इमारत पडून १७ जण गेले. तिथे तळमजल्यावर आतून केलेल्या फेरफारांचा प्रश्न होता. आतले खांब आणि भिंती कोण तोडतंय यावर वेगळीच नजर हवी. पण बाहेरची नियमित पाहणी करणाऱ्या सोसायटीत तळमजल्यावरचे ठोके कुणीतरी ऐकतं आणि विचारतं, एवढं नक्की.

कायद्याकडे पाहिलं तर आपल्याकडे त्याची कमतरता नाही. मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या इमारतींची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली वाटेना. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. गोठलेल्या भाड्याची तरतूद आता न्याय्य राहिलेली नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं, तोवर दोन पिढ्या टेकूंखाली राहून गेल्या होत्या. टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे, पण दक्षिण मुंबईत कित्येक सज्जे वर्षानुवर्षं टेकूंवरच उभे आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली, ती शंभरी ओलांडलेली होती.

नव्या व्यवस्थेत मुंबई महापालिका अधिनियमाचं कलम ३५३ ब आहे. त्यानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीने संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. ऑडिटनंतर वर्ग ठरतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पहिलीत काही भाग रिकामा करून, दुसरीत न करता, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. चौकट चांगली आहे. अडचण अशी की लोकांच्या मनात ऑडिट म्हणजे घर जाण्याची पहिली पायरी झाली आहे. ज्यांना पुनर्विकास हवा त्यांना सी-१ हवा असतो, ज्यांना नको त्यांना सी-२. एकाच इमारतीचे दोन परस्परविरोधी अहवाल येतात आणि प्रकरण न्यायालयात जातं. या भांडणात साध्या वार्षिक देखभालीचा आवाजच हरवतो. तिसाव्या वर्षी इमारत जगवायची की पाडायची हा प्रश्न पडतो, कारण आठव्या, बाराव्या, सोळाव्या वर्षी छज्जा झाडायचा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

बाहेर हा प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला गेला. न्यूयॉर्कमध्ये १९७९ ला दर्शनी भागातून सुटलेला तुकडा पडून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी गेली, आणि पुढच्याच वर्षी सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागाची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची झाली. हाँगकाँगने २०१० च्या एका दुर्घटनेनंतर २०१२ पासून तीस वर्षांवरच्या इमारतींसाठी सक्तीची योजना आणली. सिंगापूरने २०२२ पासून वीस वर्षांवरच्या इमारतींच्या बाह्यभागासाठी सात वर्षांचं चक्र ठेवलं आहे. न्यूयॉर्क आणि सिंगापूरकडून घेण्यासारखी गोष्ट ही की बाह्यभाग हा तिथे स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे तो स्ट्रक्चरल ऑडिटच्या जाडजूड अहवालातलं एक प्रकरण असतो. पण सक्तीने सगळं साधत नाही हेही न्यूयॉर्कच दाखवतं. दुरुस्तीपेक्षा पदपथावर मांडव घालून ठेवणं स्वस्त पडतं म्हणून कित्येक मांडव तिथे वर्षानुवर्षं उभे राहतात.

राहिला पैसा. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधी ०.७५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. बांधकाम खर्च २० लाख धरला तर वर्षाला ५ हजार आणि १५ हजार. पण समजा फ्लॅट १९८५ चा, बांधकाम खर्च १ लाख, आणि आकारणी आजही त्याच आकड्यावर. मग दोन्ही मिळून वर्षाला हजार रुपये, ज्यात परांची बांधणंही होणार नाही. आकडा आजच्या खर्चाशी जोडून घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभा करू शकते. तो न केल्यामुळेच मोठं काम आलं की एकदम लाखाची वर्गणी निघते आणि निवृत्त सभासद हादरतात. वरच्या मजल्याची गळती ‘त्यांची’ आणि खालची ओल ‘यांची’ हा वादही निराधार आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. सभासदाच्या वाट्याला त्याच्या न्हाणीघराची गळती येते.

नव्या घरात राहायला गेलेल्यांना हे सगळं दूरचं वाटेल. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले, आणि तिला दहा वर्षंही झालेली नव्हती. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करावा लागतो. ऑडिटची पहिली अट मात्र पंधराव्या वर्षी लागू होते. मधली दहा वर्षं इमारत तपासायला कुणीही बांधील नाही, आणि छज्ज्याची खाच बुजायला, पिंपळ रुजायला, डक्ट गळायला नेमकी हीच वर्षं पुरतात. म्हणून ताब्याचं चौथं वर्ष संपता संपता, पावसाळा ओसरला की भिंती वाळायच्या आधी, संपूर्ण बाह्यभागाची इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यावी. ओल तेव्हाच खरी दिसते. दोषांची यादी फोटोंसह बिल्डरला लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. त्यापुढे दरवर्षी एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये कमिटीतल्या दोघांनी वही, मोबाइल आणि हातोडी घेऊन गच्चीपासून जोत्यापर्यंत फेरी मारावी. वही सोसायटीच्या दप्तरात राहावी, म्हणजे कमिटी बदलली तरी कुठली भेग किती जुनी हे पुढच्यांना कळेल.